एकाच घराण्यातील दोघी : एक घरची, एक घुसखोर

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ओंटारिओ सरोवराच्या काठी ओस्वेगो नावाचा परगणा आहे. परदेशातून येणाऱ्या किडींवर नजर ठेवण्यासाठी तेथील फुल्टन शहराजवळ लावलेल्या एका सापळ्यात २००४ च्या सप्टेंबर महिन्यात निळसर काळ्या रंगाची एक मादी सापडली. फेब्रुवारी २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील कीटकतज्ज्ञ ई. रिचर्ड होबेकी यांनी तिची ओळख पटविली. ती होती सायरेक्स नॉक्टिलिओ. दक्षिण गोलार्धातील पाइनच्या लागवडींना पन्नासहून अधिक वर्षे छळणारी ही 'वुड वॉस्प', म्हणजे लाकूड पोखरणारी गांधीलमाशी, उत्तर अमेरिकेत येऊन पोहोचली होती.

ज्या रानात ती उतरली, तेथे तिची एक सख्खी नातलग पूर्वीपासूनच नांदत होती. तिचे नाव सायरेक्स नायग्रिकॉर्निस. दोघींची प्रजाती एक, अन्न एक, अंडी घालण्याची रीतही जवळपास एकच. तरीही एकीला शेतकरी आणि वनअधिकारी शत्रू मानतात आणि दुसरीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. या दोघींत नेमका फरक काय आणि तो इतका महत्त्वाचा का, याचा उलगडा करू लागले की कीटकशास्त्रातील एका गुंतागुंतीच्या पेचापर्यंत जाऊन पोहोचावे लागते.

कंबर नसलेली गांधीलमाशी

गांधीलमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बारीक कंबरेची, पिवळ्या पट्ट्यांची आणि कडकडून डंख मारणारी माशी येते. वुड वॉस्प मात्र या चित्रात बसत नाही. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या हायमेनॉप्टेरा गणात मोडतात, त्याच गणातील ही असली, तरी ती सिम्फायटा या जुन्या उपगणातील सिरिसिडी कुलाची सदस्य आहे. या उपगणातील कीटकांना कंबर नसते. छाती आणि उदर एकमेकांना थेट जोडलेले असतात, त्यामुळे शरीर दंडगोलासारखे दिसते.

उदराच्या टोकाला भाल्याच्या पात्यासारखा एक टोकदार उंचवटा असतो. त्यावरूनच इंग्रजीत या कुलाला 'हॉर्नटेल' म्हणजे शिंगशेपटी असे नाव पडले. मादीला याखेरीज सुईसारखा लांब अंडनिक्षेपक असतो. प्रथमदर्शनी तो भयंकर नांगीसारखा भासतो; परंतु त्याचा उपयोग केवळ लाकडात भोक पाडून अंडी घालण्यासाठी होतो. ही माशी माणसाला डंख मारत नाही. प्रौढावस्थेत ती काही खातही नाही. अळी असताना साठविलेल्या चरबीवर तिचे थोड्या दिवसांचे आयुष्य निभावून जाते.

अळी दुधी पांढऱ्या रंगाची असते, तिचे पाय नावापुरतेच असतात आणि शरीराच्या शेवटी एक लहानसा गडद काटा असतो. खोडाच्या आत बोगदे खणत ती वाढते, तेथेच कोषात जाते आणि प्रौढ होऊन बाहेर पडताना खोडावर काटेकोर गोल भोक सोडून जाते. या भोकांचा व्यास साधारणपणे तीन ते आठ मिलिमीटर असतो. हे सारे वर्णन दोन्ही जातींना सारखेच लागू पडते. दोन्ही जातींच्या अळ्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी एक तर त्यांना वाढवून प्रौढ होऊ द्यावे लागते किंवा त्यांच्या जनुकांची तपासणी करावी लागते.

नावांचा घोळ

दोन्ही जातींचे नामकरण एकाच व्यक्तीने केले, हाही एक योगायोग. लिनिअसचा शिष्य असलेला डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशिअस याने १७८१ मध्ये नायग्रिकॉर्निसचे आणि १७९३ मध्ये नॉक्टिलिओचे वर्णन प्रसिद्ध केले. नायग्रिकॉर्निस या लॅटिन शब्दाचा अर्थ 'काळ्या शिंगांची', म्हणजे काळ्या शृंगिकांची. गंमत अशी की नॉक्टिलिओच्या शृंगिकाही पूर्ण काळ्याच असतात. त्यामुळे युरोपातील सायरेक्स जुव्हेन्कस या तांबूस मुळाच्या शृंगिका असलेल्या जातीपासून नॉक्टिलिओला वेगळे काढता येते. परंतु अमेरिकन नातलगापासून वेगळे काढताना ही खूण काहीच कामाची नाही.

रंगाचेही तसेच. नॉक्टिलिओची मादी धातूसारखी चमक असलेल्या निळसर काळ्या रंगाची आणि तांबूस पिवळ्या पायांची असते. नराच्या उदराचा मधला भाग नारिंगी आणि मागचे पाय जाडसर व काळे असतात. नायग्रिकॉर्निसची मादी मात्र दोन रूपांत आढळते. एका रूपात उदर लालसर तपकिरी, तर दुसऱ्यात निळसर काळे. या रंगभेदामुळे शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ फसगत झाली. काळसर रूपाला १८४६ मध्ये सायरेक्स एडवर्ड्साय असे स्वतंत्र नाव देण्यात आले आणि दीडशेहून अधिक वर्षे ती वेगळी जाती मानली गेली. पश्चिम गोलार्धातील सिरिसिडी कुलाचा विस्तृत आढावा नेथन शिफ, हेन्री गुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी शरीररचना आणि जनुकीय पुरावा यांच्या आधारे एडवर्ड्साय ही नायग्रिकॉर्निसच असल्याचे दाखवून दिले.

म्हणजे रंगावरून निदान करणे धोक्याचे. अनुभवी तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरील बारीक खळग्यांची दाटी आणि अंडनिक्षेपकावरील खाचांची ठेवण पाहतात. सापळ्यात अडकलेली प्रत्येक निळसर काळी माशी घुसखोर नसते आणि प्रत्येक ओळखीची वाटणारी माशी घरची नसते. सीमेवरील तपासणीत हा बारकावा चुकला, तर त्याची किंमत मोठी असते.

विष, बुरशी आणि अंडे

वुड वॉस्पचे बळ तिच्या जबड्यात किंवा सोंडेत नसून तिने सोबत आणलेल्या शिदोरीत आहे. लाकूड पचविणे कोणत्याही अळीला सोपे नसते. म्हणून मादी पोटातील दोन खास पिशव्यांत एका बुरशीचे कण बाळगते. झाडाच्या सालीतून आत भोक पाडून ती बाहेरच्या कोवळ्या लाकडात म्हणजे रसकाष्ठात अंडे घालते आणि त्याच वेळी बुरशी व एक चिकट श्लेष्मद्रव आत सोडते. बुरशी लाकडात पसरते, त्याचे विघटन करते आणि अंड्यातून बाहेर आलेल्या अळीला पचेल असे अन्न तयार होते. अळी मादी असेल, तर तीही पुढे हीच बुरशी घेऊन बाहेर पडते. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या माशी बुरशीला नवी झाडे मिळवून देते आणि बुरशी माशीच्या पोरांना जेवू घालते.

नॉक्टिलिओच्या बाबतीत या जोडीत श्लेष्मद्रवाचे कार्य निर्णायक ठरते. हा द्रव झाडाला विषासारखा बाधतो. पानांतील पाण्याचा तोल बिघडतो, झाड राळ सोडून स्वतःचा बचाव करण्याची शक्ती गमावते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. ऑस्ट्रेलियात एम. पी. कूट्स यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे चित्र स्पष्ट झाले. नुसता द्रव किंवा नुसती बुरशी झाडाला मारू शकत नाही. दोन्ही एकत्र आले की झाड कोसळते. सुईसारखी हिरवी पाने आधी फिकी, मग पिवळी आणि शेवटी तांबडी होतात. खोडावर ठिकठिकाणी राळेचे थेंब ओघळलेले दिसतात.

मादी झाडाची परीक्षाही घेते. एका ठिकाणी भोक पाडून आतील रसाचा दाब तिला जास्त वाटला, तर ती अंडे न घालता फक्त द्रव आणि बुरशी सोडून निघून जाते. झाड पुरेसे खचले की त्यात अंडी घातली जातात. फलन न झालेल्या अंड्यांतून नर आणि फलित अंड्यांतून माद्या निपजतात. त्यामुळे एखादी मादी नराविना नव्या प्रदेशात पोहोचली, तरी तिची पुढची पिढी जन्माला येऊ शकते. मात्र ती सगळी नरांची असते.

जिवंत झाड की मरणारे झाड?

दोन जातींतील खरा फरक येथे सुरू होतो. नॉक्टिलिओ जिवंत झाडावर हल्ला करते. ते झाड बहुधा दुष्काळाने, दाटीने किंवा जखमेने अशक्त झालेले असते. पण मेलेले नसते. नायग्रिकॉर्निस मात्र मरणपंथाला लागलेल्या किंवा नुकत्याच मेलेल्या पाइनमध्ये अंडी घालते. वाऱ्याने पडलेले, सालीच्या भुंगेऱ्यांनी पोखरलेले, विजेने होरपळलेले झाड तिला चालते. तिने झाडाला मारले असे सहसा होत नाही. रोगी माणसाच्या उशाशी बसलेल्या वैद्याला मृत्यूचा दोष द्यावा, तसा तिला दोष देणे ठरेल.

वेळापत्रकही वेगळे. अमेरिकेच्या ईशान्य भागात नॉक्टिलिओची माशी प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबर या काळात उडते. नायग्रिकॉर्निस शरद ऋतूची. उत्तरेत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दक्षिणेतील राज्यांत त्याहूनही उशिरा बाहेर पडते. उन्हाळ्यात पाइन वाढीच्या ऐन भरात असतो. तेव्हा येणाऱ्या पाहुणीला झाडाचा बचाव मोडून काढावाच लागतो. शरदात येणारीला तयार पान मिळते.

मूळ प्रदेशही दोन टोकांचे. नॉक्टिलिओचे माहेर युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशियाचा काही भाग. तेथे ती नगण्य कीड आहे. नायग्रिकॉर्निस पूर्व उत्तर अमेरिकेत कॅनडापासून थेट दक्षिणेकडील राज्यांपर्यंत सर्वत्र आढळते. आपापल्या घरी दोघीही तशा निरुपद्रवीच होत्या. उपद्रव सुरू झाला तो एकीने घर सोडल्यावर.

दक्षिण गोलार्धातील दाणादाण

पाइन हे मूळचे उत्तर गोलार्धाचे झाड. विसाव्या शतकात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील देशांनी इमारती लाकूड व कागदाच्या लगद्यासाठी त्याची प्रचंड लागवड केली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने कॅलिफोर्नियाचा रेडिएटा पाइन निवडला. एकाच जातीची, एकाच वयाची, दाटीने लावलेली लाखो झाडे आणि आसपास माशीचा एकही नैसर्गिक शत्रू नाही, अशी स्थिती निर्माण झाली. त्यात लाकडाच्या मालासोबत नॉक्टिलिओ जाऊन पोहोचली.

न्यूझीलंडमध्ये ती १९०० च्या सुमारास आली. १९४० च्या दशकातील दुष्काळानंतर तिने तेथे सुमारे १ लाख २० हजार हेक्टर क्षेत्रातील तीस टक्क्यांपर्यंत झाडे मारली. १९५२ मध्ये ती टास्मानियात, तर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर व्हिक्टोरियात सापडली. पुढे १९८० मध्ये उरुग्वे, १९८५ मध्ये अर्जेंटिना, १९८८ मध्ये ब्राझील, १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि २००१ मध्ये चिली अशी तिची मजल वाढत गेली. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया यांच्या सीमेवरील 'ग्रीन ट्रँगल' या लागवड क्षेत्रात १९८७ ते १९८९ या काळात पन्नास लाखांहून अधिक झाडे मेली. नुकसान एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेले.

ज्या झाडांची ही कत्तल झाली ती अमेरिकेतून नेलेली आणि ज्या माशीने ती केली ती युरोपातून गेलेली. दोघांची गाठ पडली ती तिसऱ्याच खंडावर. अमेरिकन पाइनशी नॉक्टिलिओ कशी वागते हे जगाला अशा रीतीने आधीच कळून चुकले होते. म्हणूनच २००५ मध्ये फुल्टनच्या त्या एका मादीची ओळख पटताच अमेरिकेतील वनविभागाची झोप उडाली. देशाच्या आग्नेय भागात लॉबलॉली पाइनच्या विस्तीर्ण लागवडी आहेत आणि ब्राझीलमध्ये नॉक्टिलिओने याच जातीच्या पाइनला लक्ष्य केले होते. २००५ मध्ये ती कॅनडातील ओंटारिओ प्रांतातही आढळली. पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि व्हर्मांट या राज्यांतून तिच्या नोंदी आल्या.

सूत्रकृमीचा उतारा

दक्षिण गोलार्धाकडे या किडीवर एक उतारा होता. न्यूझीलंडमध्ये १९६२ मध्ये आर. झोंडाग यांना नॉक्टिलिओच्या शरीरात एक सूक्ष्म सूत्रकृमी आढळला. डेलाडेनस सिरिसिडिकोला हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेचे रॉबिन बेडिंग यांनी त्याचे विलक्षण दुहेरी जीवन उलगडले. हा कृमी लाकडात असताना माशीच्या बुरशीवर जगतो आणि पिढ्यामागून पिढ्या वाढवितो. जवळपास माशीची अळी असली की त्याच्या पिल्लांचे रूप पालटते. ती अळीच्या शरीरात शिरतात आणि माशी प्रौढ होईपर्यंत तिच्या अंड्यांत घुसून त्यांना निकामी करतात. माशी मरत नाही. ती नेहमीप्रमाणे उडते, नव्या झाडात भोके पाडते; पण अंड्यांऐवजी कृमी पेरत जाते. शत्रूच्याच हातून शत्रूचा निर्वंश करण्याचा हा प्रकार.

प्रयोगशाळेत बुरशीवर हा कृमी मोठ्या प्रमाणात वाढविता येतो. मग सापळा म्हणून मुद्दाम अशक्त केलेल्या झाडांच्या खोडांत हातोड्याने भोके पाडून तो आत सोडतात. मात्र यातही एक धडा मिळाला. वीसहून अधिक वर्षे केवळ बुरशीवर वाढविलेल्या कृमीच्या वाणाची माशीला ग्रासण्याची शक्ती क्षीण झाली होती आणि ग्रीन ट्रँगलमधील उद्रेकाच्या वेळी ही उणीव उघड झाली. अखेर १९९१ मध्ये टास्मानियातील कामोना येथील जंगलातून पूर्वी सोडलेल्या कृमीचा तडफदार वाण पुन्हा मिळविण्यात आला. आज ज्याला 'कामोना वाण' म्हणतात तो हाच. त्याचा मूळ साठा आता द्रवरूप नायट्रोजनमध्ये जतन केला जातो.

अमेरिकेचा पेच

दक्षिण गोलार्धात कृमी सोडणे सोपे होते. कारण तेथे सायरेक्स प्रजातीची मूळची एकही माशी नव्हती. जे मरेल ते परकेच मरेल, अशी खात्री होती. अमेरिकेत ही खात्री देता येईना, कारण तेथे नायग्रिकॉर्निस होती.

सुरुवातीला एक दिलासा होता आणि तो दोन बुरशींच्या फरकावर उभा होता. नॉक्टिलिओ जी बुरशी बाळगते ती अ‍ॅमायलोस्टेरियम एरिओलॅटम. नायग्रिकॉर्निसची बुरशी म्हणून तिचीच बहीण अ‍ॅमायलोस्टेरियम शॅलेटी ओळखली जात होती. सूत्रकृमी फक्त पहिल्या बुरशीवर वाढतो, दुसरीवर नाही. म्हणजे देशी माशीच्या झाडात त्याला अन्नच मिळणार नाही आणि ती आपोआप सुरक्षित राहील, असा हा युक्तिवाद. कागदावर तो बिनतोड होता.

प्रत्यक्ष रानात मात्र वेगळेच आढळले. एकाच झाडातून दोन्ही जातींच्या माश्या बाहेर पडताना संशोधकांनी पाहिल्या. नॉक्टिलिओ उन्हाळ्यात झाड खचविते आणि शरदात नायग्रिकॉर्निस त्याच झाडात अंडी घालते, हे तिच्या सवयीला धरूनच होते. त्यानंतर देशी माश्यांच्या बुरशीची जनुकीय तपासणी झाली. नायग्रिकॉर्निसच्या काही माद्या शॅलेटी बाळगत होत्या, तर काही चक्क एरिओलॅटम. त्यात घुसखोरासोबत आलेले वाणही होते. माशी आणि बुरशी यांची जोडी पतिव्रतेसारखी एकनिष्ठ असते, हा जुना समज ढासळला. त्याबरोबरच कृमीविषयीचा दिलासाही गेला. ज्या देशी माशीजवळ एरिओलॅटम आहे, तिच्या झाडात कृमीला पोटभर अन्न आहे.

नायग्रिकॉर्निस मेली तर बिघडले काय, असा प्रश्न कोणीही विचारेल. या माशीचा बाजारभाव शून्य आहे. पण जंगलाच्या हिशेबात तिची जागा आहे. मेलेले लाकूड पुन्हा मातीत मिळविण्याच्या कामाची सुरुवात तिची बुरशी आणि तिची अळी करते. तिच्या अळ्यांवर सुतारपक्षी जगतात. ऱ्हिसा आणि मेगाऱ्हिसा या परजीवी गांधीलमाश्या आपल्या लांबलचक सुईने लाकडाच्या आत खोलवर बसलेली तिची अळी हुडकून काढतात. इबालिया ही आणखी एक परजीवी माशी बुरशीच्या वासावरून ताजी भोके शोधते आणि अंडी व कोवळ्या अळ्यांना गाठते. या परजीवी माश्या नॉक्टिलिओवरही तितक्याच आवडीने तुटून पडतात. शत्रूंची ही फौज वर्षानुवर्षे पोसली ती घरच्या माशीने. तिची संख्या घटली, तर घुसखोरावरील पहाराही सैल पडण्याची भीती आहे.

पेचात आणखी एक गाठ होती. अमेरिकेत आलेल्या नॉक्टिलिओसोबत डेलाडेनस सिरिसिडिकोलाचा एक वाण आधीच येऊन पोहोचला होता. मात्र हा वाण माशीच्या शरीरात शिरला, तरी अंड्यांत शिरत नाही. त्यामुळे माशी वांझ होत नाही. नायग्रिकॉर्निसच्या अंगातही डेलाडेनस प्रॉक्सिमस नावाचा स्वतःचा कृमी असतो. अशा भरल्या घरात कामोना वाण बाहेरून आणून सोडायचा की नाही, यावर २००६ पासून नियंत्रित चाचण्या घेण्यात आल्या आणि मोठी चर्चा झाली. ऑस्ट्रेलिया किंवा ब्राझीलप्रमाणे तो सरसकट सोडण्याचा मार्ग मात्र अमेरिकेने तेव्हा पत्करला नाही.

आक्रीत का घडले नाही?

दरम्यान, ज्या महासंकटाची धास्ती होती ते ईशान्य अमेरिकेत आलेच नाही. नॉक्टिलिओ पसरली, पण मुख्यतः दाटीत खुरटलेल्या, सावलीत दबलेल्या पाइनपुरती राहिली. स्कॉट्स पाइन आणि रेड पाइनच्या निगा न राखलेल्या जुन्या लागवडी तिला विशेष भावल्या. ऑस्ट्रेलियात जी माशी सैन्यासारखी चालून गेली, ती येथे फेरीवाल्यासारखी वावरली.

याची कारणे शोधताना पुन्हा शेजाऱ्यांकडेच बोट जाते. अमेरिकेच्या रानात पाइनच्या खोडावर आधीच गर्दी आहे. सालीचे भुंगेरे आणि त्यांनी आणलेली, लाकूड निळे पाडणारी बुरशी यांच्याशी नॉक्टिलिओच्या बुरशीला जागेसाठी झगडावे लागते. त्या झगड्यात तिच्या अळ्या उपाशी राहतात. पहाऱ्याला परजीवी माश्या आहेतच. शिवाय मिश्र जंगलात अनेक जातींची आणि वयांची झाडे असल्याने अशक्त पाइनची सलग रांग तिला मिळत नाही. परक्या भूमीवर जे मोकळे मैदान तिला लाभले होते, ते येथे आधीच वाटून घेतलेले होते. आग्नेयेकडील एकसुरी लॉबलॉली लागवडींत ती पोहोचल्यास काय होईल, हा प्रश्न मात्र या निष्कर्षाने सुटत नाही. २०१३ मध्ये ती चीनच्या ईशान्येकडील हैलोंगच्यांग प्रांतातही सापडली. म्हणजे तिचा प्रवास संपलेला नाही.

सर्व देशांतील अनुभवातून एक साधा उपाय मात्र समान निघाला आहे आणि त्याला कृमी लागत नाही की औषध. पाइनची लागवड वेळच्या वेळी विरळ करणे. झाडांना पुरेसा उजेड, पाणी आणि जागा मिळाली की ती सशक्त राहतात आणि सशक्त पाइन राळेच्या जोरावर नॉक्टिलिओला परतवून लावतो.

फरक एका नजरेत

मूळ प्रदेश : नॉक्टिलिओ – युरोप, उत्तर आफ्रिका व आशियाचा काही भाग. नायग्रिकॉर्निस – पूर्व उत्तर अमेरिका.

मादीचे रूप : नॉक्टिलिओ – निळसर काळी, तांबूस पिवळे पाय. नायग्रिकॉर्निस – उदर लालसर तपकिरी किंवा निळसर काळे.

पसंतीचे झाड : नॉक्टिलिओ – अशक्त पण जिवंत पाइन. नायग्रिकॉर्निस – मरणारा किंवा नुकताच मेलेला पाइन.

उडण्याचा काळ (ईशान्य अमेरिका) : नॉक्टिलिओ – जुलै ते सप्टेंबर. नायग्रिकॉर्निस – सप्टेंबरनंतर, शरदात.

सोबतीची बुरशी : नॉक्टिलिओ – एरिओलॅटम. नायग्रिकॉर्निस – शॅलेटी. काही माद्यांत एरिओलॅटम.

खोक्यावरचा शिक्का

दोन्ही माश्यांच्या अळ्या लाकडाच्या आत दीर्घकाळ दडून राहतात. साधारणपणे एक वर्षात, कधी त्याहून अधिक काळाने त्या बाहेर येतात. तोवर त्या लाकडाचे खोके होऊन ते समुद्रापार गेलेले असू शकते. यंत्रे, फरशा, काचसामान यांच्या आवेष्टनासाठी वापरलेले हलक्या प्रतीचे लाकूड हाच अशा किडींचा मुख्य राजमार्ग आहे. तो रोखण्यासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली 'आयएसपीएम १५' हे मानक स्वीकारण्यात आले. त्यानुसार आवेष्टनाच्या लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सलग तीस मिनिटे तसाच ठेवावा लागतो किंवा अन्य मान्य प्रक्रिया करावी लागते. प्रक्रिया झाल्याची खूण म्हणून लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि देशाचा संकेत असलेला शिक्का मारला जातो.

भारतातही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशान्वये आयात मालाच्या लाकडी आवेष्टनाला हे बंधन लागू आहे. न्हावा शेवा बंदरात उतरणारे खोके याला अपवाद नाहीत. महाराष्ट्रात पाइनची नैसर्गिक वने नसली, तरी येथे उतरलेला माल देशभर जातो आणि हिमालयाच्या उतारांवर चीड व कैल या पाइनच्या जाती मैलोन्‌मैल उभ्या आहेत. औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गोदामाबाहेर रचून ठेवलेल्या लाकडी पॅलेटवर तो लोंबीचा शिक्का दिसला, तर तो उगाच मारलेला नाही, एवढे लक्षात ठेवावे. पन्नास लाख झाडे गमावल्यानंतर मिळालेले ते शहाणपण आहे.